समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचं भूकंप-विश्लेषण : खान्देशातून डिझाइन ऑफिसात गेलेल्यांसाठी पायरी-पायरीने

तापी सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते, आणि खंभातच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या वायुक्षेत्राचं नावही ताप्तीच आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारहून सिव्हिल किंवा मेकॅनिकल करून मुंबईच्या डिझाइन ऑफिसात लागणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकांच्या टेबलावर पहिल्याच वर्षी एखादा जॅकेट प्लॅटफॉर्म (समुद्रतळावर रोवलेल्या पोलादी सांगाड्यावरचा प्लॅटफॉर्म) येऊन पडतो. लाटांचा भार कसा लावायचा ते सीनियर मन लावून शिकवतात. भूकंपाची पाळी आली की जुन्या प्रोजेक्टची इनपुट फाइल हातात देऊन "यातले आकडे बदल आणि चालव" एवढ्यावर काम उरकतं. त्या फाइलच्या आत काय चाललेलं असतं, कुठला आकडा कुठून येतो आणि कोणता चुकला तर सगळं उत्तर फिरतं, ते या लेखात क्रमाने सांगतो.

माझं म्हणणं एकच आहे: वस्तुमान, पाया आणि स्पेक्ट्रम (कुठल्या रचनेला भूकंपात किती त्वरण येतं त्याचा आलेख) या तीन गोष्टींचा हिशोब कागदावर हाताने करून अंदाजे उत्तर मिळाल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नका. भूकंपाच्या विश्लेषणात चुकीचं उत्तरसुद्धा अगदी बरोबर दिसतं. लाटेच्या भारात चूक झाली तर आकडा तरी विचित्र येतो. इथे तोही येत नाही.

लाटेला पुरून उरलेला प्लॅटफॉर्म भूकंपाला पुरेल का?

मुंबई हायचा शोध १९७४ साली लागला, 'सागर सम्राट' या रिगवरून पहिली विहीर खोदली गेली आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झालं. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, साधारण ७५ मीटर पाण्यात तिथले प्लॅटफॉर्म उभे आहेत. रचना बहुतेक सारखीच: नळ्यांचा बनलेला पोलादी जॅकेट, त्याच्या पायांमधून किंवा पायांलगत समुद्रतळात खोल ठोकलेले पाइल, आणि वर डेक. या भागात जॅकेटचे मुख्य मेंबर बहुधा पावसाळी वादळाच्या लाटांवरून ठरतात, भूकंपावरून नाही. म्हणून "आपल्याकडे भूकंप गव्हर्न करत नाही" हे वाक्य ऑफिसात सारखं ऐकू येतं.

ते वाक्य जॅकेटच्या नळ्यांपुरतं बऱ्याचदा खरं असतं. डेकवरच्या उपकरणांना, फ्लेअर बूमला (जादा वायू जाळण्यासाठी बाहेर काढलेला लांब हात), दोन प्लॅटफॉर्म जोडणाऱ्या पुलाला मात्र ते तसंच्या तसं लागू होत नाही. शिवाय मुंबईत बसून आपली मुलं इंडोनेशिया, कॅस्पियन, कॅलिफोर्निया अशा ठिकाणची कामं करतात. तिथे हे वाक्य धोकादायक आहे.

कारण दोन्ही भारांचा स्वभावच वेगळा आहे. लाट बाहेरून येऊन आदळते, तिचा जोर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ असतो आणि वादळी लाटेचा आवर्तकाल (एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ) आठ ते चौदा सेकंदांचा असतो. प्लॅटफॉर्मचा स्वतःचा आवर्तकाल एक ते अडीच सेकंदांच्या आसपास, म्हणजे लाटेपासून पुष्कळ लांब. भूकंपात बाहेरून कोणी ढकलत नाही. तळ हलतो, आणि वरचं वस्तुमान जागेवर राहू पाहतं म्हणून बल तयार होतं. डेक लाटेच्या वर ठेवला की लाटेपुरता त्याचा प्रश्न मिटतो. भूकंपात मात्र डेकचं वस्तुमान हाच मुख्य भार असतो. शिवाय भूकंपाच्या ऊर्जेचा काही भाग अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंतच्या पट्ट्यात असतो, म्हणजे थेट प्लॅटफॉर्मच्या घरात.

पायरी १ : कुठल्या भूकंपासाठी, आणि काय टिकलं पाहिजे

सुरुवात डिझाइन बेसिसच्या कागदापासून करा. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या एपीआय आरपी २ए या जुन्या नियमावलीत दोन पातळ्या आहेत. पहिली ताकदीची: प्लॅटफॉर्मच्या आयुष्यात येण्याची बऱ्यापैकी शक्यता असलेला भूकंप, ज्यात काही मोडू नये. दुसरी लवचिकतेची: दुर्मिळ आणि तीव्र भूकंप, ज्यात मेंबर वाकले तरी चालतील पण प्लॅटफॉर्म कोसळता कामा नये. आयएसओ १९९०१-२ या आंतरराष्ट्रीय मानकात याच दोन कल्पना अनुक्रमे ईएलई आणि एएलई या नावांनी येतात. अमेरिकेची एपीआय आरपी २ईक्यू त्याच घराण्यातली.

आयएसओमध्ये प्लॅटफॉर्मची वर्गवारी आधी ठरते. माणसं राहतात किंवा नुकसान झालं तर परिणाम गंभीर, तो एल-१. अशा प्लॅटफॉर्मसाठी कोसळण्याची वार्षिक शक्यता २,५०० मध्ये १ पेक्षा जास्त नको, आणि ईएलईचा पुनरावृत्तीकाल (असा भूकंप सरासरी किती वर्षांनी येतो) किमान २०० वर्षांचा हवा. त्याखालच्या एल-२ वर्गासाठी हेच आकडे १,००० मध्ये १ आणि १०० वर्षं.

हे क्लायंटकडून लेखी घ्या. आणि दोन नियमावल्यांची खिचडी करू नका. एपीआयच्या वर्किंग स्ट्रेस पद्धतीत भूकंपासाठी परवानगीचा स्ट्रेस मूळच्या १.७ पट घेता येतो. आयएसओमध्ये भार आणि ताकद यांचे स्वतंत्र गुणक आहेत. स्पेक्ट्रम एकाचा आणि परवानगीचा स्ट्रेस दुसऱ्याचा घेतला तर आलेल्या गुणोत्तराला काहीच अर्थ उरत नाही.

एपीआयमधली एक सवलतही ठाऊक असू द्या. ताकदीच्या पातळीचं आडवं त्वरण ०.०५ जी (जी म्हणजे गुरुत्वाचं त्वरण) पेक्षा कमी असेल तर जॅकेटसाठी वेगळं भूकंप-विश्लेषण लागत नाही. ०.०५ ते ०.१० जी असेल तर दुर्मिळ भूकंप थेट ताकदीच्या निकषावर तपासला की पुरतं, पण डेकवरची उपकरणं या सवलतीत बसत नाहीत. हा 'पण' घाईत नेमका वगळला जातो.

पायरी २ : जागेचा भूकंप

आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाचा झोन नकाशा जमिनीवरच्या इमारतींसाठी आहे. २०१६ च्या आवृत्तीत बराचसा खान्देश झोन तीनमध्ये येतो, झोन गुणक ०.१६. तो आकडा उचलून समुद्रातल्या प्लॅटफॉर्मला लावायचा नसतो. प्राथमिक टप्प्यावर आयएसओचे १,००० वर्षांच्या पुनरावृत्तीकालाचे नकाशे वापरता येतात. त्यांतून दोन आकडे मिळतात, ०.२ सेकंद आणि १.० सेकंद आवर्तकालाचं त्वरण. अंतिम डिझाइनसाठी त्या जागेचा स्वतंत्र धोका-अभ्यास लागतो आणि तो भूकंपशास्त्रज्ञच करतात. तुमचं काम त्यांचा अहवाल समजून वाचण्याचं.

वाचताना पाहायचं ते हे: कोणते स्रोत धरले आहेत? पश्चिम किनाऱ्यासमोरच्या कामात कच्छ असलं पाहिजे, जिथे २००१ साली भूजचा विध्वंसक भूकंप झाला. १९४५ साली आठच्या आसपास तीव्रतेचा भूकंप देणारा मकरान असला पाहिजे. त्याच्या त्सुनामीचं पाणी मुंबईपर्यंत आलं होतं. खंभातचं खोरं हवं. आणि सोन-नर्मदा-तापी भ्रंशपट्टाही हवा. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या आपल्याला हा पट्टा परका नाही: १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाच्या वर तीव्रतेचा भूकंप झाला तो याच पट्ट्यात, १९७० चा भरूचचा आणि १९९७ चा जबलपूरचाही याच्याच आसपासचे.

दुसरी गोष्ट, अहवालातला स्पेक्ट्रम कुठल्या पातळीवर दिला आहे? खडकावर, समुद्रतळावर, की पाइलच्या खोलीवर? मऊ मातीत या तिन्हींत मोठा फरक पडतो. डॅम्पिंग (कंपन विझण्याचं प्रमाण) किती टक्के, हेही त्याच पानावर शोधा. सहसा पाच टक्के असतं. अहवाल लिहिणाऱ्याला फोन करून विचारायला लाजू नका.

पायरी ३ : वस्तुमान, आणि सोबत हलणारं पाणी

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायची पायरी ही. जमिनीवरच्या इमारतीत स्वतःचं वजन आणि काही टक्के चल भार धरला की झालं. पाण्यात उभी नळी आडवी हलते तेव्हा ती एकटी हलत नाही. तिच्या आतलं पाणी तिच्याबरोबर जातं, आणि बाहेरचं काही पाणी तिला बाजूला सारावं लागतं. या बाहेरच्या पाण्याचं वस्तुमान, ज्याला अ‍ॅडेड मास म्हणतात, गोल नळीसाठी तिने व्यापलेल्या पाण्याएवढं धरतात.

आकडे मांडून पाहू. पायाची नळी १.५ मीटर व्यासाची, जाडी ४० मिलिमीटर.

पोलाद: दर मीटरला सुमारे १.४४ टन.
आत अडकलेलं पाणी: आतला व्यास १.४२ मीटर, म्हणजे सुमारे १.६२ टन.
बाहेरचं सोबतचं पाणी: सुमारे १.८१ टन.
एकूण ४.८७ टन.

म्हणजे पोलादाच्या तिप्पटीहून जास्त. आता तिच्यावर शिंपले-शेवाळाचा ७५ मिलिमीटर जाड थर चढला असं धरा. बाहेरचा व्यास १.६५ मीटर होतो, सोबतचं पाणी २.१९ टनांवर जातं आणि थराचं स्वतःचं वस्तुमान अर्धा टन वाढतं. बेरीज सुमारे ५.७ टन, पोलादाच्या जवळपास चौपट. आत पाइल असेल तर तेवढं पाणी वजा करून पाइलचं पोलाद मिळवा, पाइल आणि पायामधली जागा ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरली असेल तर तेही.

इथे एक बारकावा आहे. सोबतचं पाणी मेंबरच्या अक्षाला काटकोनात होणाऱ्या हालचालीलाच लागू होतं. उभा पाय वर-खाली हलतो तेव्हा तो बाहेरच्या पाण्याला ढकलत नाही, आणि नळी खालून उघडी असेल तर आतलं पाणीही बरोबर उचललं जात नाही. आडव्या मेंबरचं नेमकं उलट: उभ्या हालचालीत त्यांचं पाणी पूर्ण मोजायचं. सॉफ्टवेअरला तिन्ही दिशांना एकच वस्तुमान दिलं तर उभ्या दिशेचे आवर्तकाल चुकतात आणि ते सहजासहजी कोणाच्या लक्षात येत नाही.

डेकच्या बाबतीत एपीआय म्हणते: स्थायी वस्तुमान पूर्ण, आणि साठवण व पुरवठ्याच्या कमाल भाराच्या ७५ टक्के. वजनाची यादी वेट कंट्रोलच्या ताज्या रिपोर्टमधून घ्या. आणि सगळं वस्तुमान डेकच्या मध्यावर एका नोडला टांगू नका. कॉम्प्रेसर एका बाजूला, राहण्याची व्यवस्था दुसऱ्या बाजूला असेल तर प्लॅटफॉर्म पिळला जातो. तो पीळ मॉडेलमध्ये वस्तुमानाच्या खऱ्या जागांमुळेच येतो. कंडक्टर, म्हणजे विहिरींच्या उभ्या नळ्या, विसरू नका. त्यांचं वस्तुमान आणि त्यांच्यातलं व बाहेरचं पाणी, हे सगळं गाइडमधून जॅकेटवर येतं.

पायरी ४ : पाया

पाइल आणि माती यांना बाजूच्या, अक्षाच्या आणि टोकाच्या दिशेने स्प्रिंगा लावतात. बाजूच्या मातीसाठी पी-वाय, घर्षणासाठी टी-झेड, टोकासाठी क्यू-झेड वक्र. या स्प्रिंगा सरळ रेषेत वागत नाहीत, आणि स्पेक्ट्रम पद्धतीला मात्र सरळ रेषेतलं मॉडेल लागतं. म्हणून पाइलच्या डोक्याशी एक समतुल्य स्टिफनेस (ताठपणा) मॅट्रिक्स काढावं लागतं. ते कुठल्या भाराला काढलं, हा प्रश्न इथे निर्णायक आहे. वादळाच्या भाराला काढलेलं मॅट्रिक्स भूकंपासाठी तसंच वापरणं ही सर्रास चालणारी पळवाट आहे. भूकंपाचं अंदाजे बल लावून मॅट्रिक्स काढा, विश्लेषण करा, पाइलच्या डोक्यावर आलेलं बल पाहा, आणि फार वेगळं असेल तर पुन्हा काढा. दोन-तीन फेऱ्यांत जुळतं.

नंतर वरची आणि खालची, अशा दोन्ही सीमा तपासा. मातीचे गुणधर्म कधीच एका आकड्यात येत नाहीत. माती घट्ट धरली तर बल वाढतं, मऊ धरली तर विस्थापन वाढतं; दोन्हींतून वेगवेगळे मेंबर गव्हर्न होतात.

पश्चिम किनाऱ्यासमोर कॅल्शियमयुक्त वाळूचे थर लागतात. शंख-शिंपल्यांपासून बनलेले हे कण ठोकताना चुरडतात आणि पाइलभोवती घर्षण फार कमी मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थ रँकिन प्लॅटफॉर्मवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला असे पाइल ठोकताना अपेक्षेपेक्षा कितीतरी सहज खाली गेले, आणि त्यानंतर जगभर या मातीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. जिओटेक्निकल रिपोर्टमध्ये 'कॅल्केरियस' शब्द दिसला की घर्षणाची मर्यादा काय धरली आहे ते आधी बघा. सैल वाळूचा थर असेल तर द्रवीकरणाची (धक्क्याने ओली वाळू द्रवासारखी होण्याची) तपासणीही मागा. तो थर भूकंपात पाइलला बाजूने काहीच आधार देणार नाही, असं धरून एक केस चालवा.

पायरी ५ : हाताने एक उत्तर

आता वही घ्या. धरून चालू: पहिल्या आडव्या मोडमध्ये (मोड म्हणजे रचनेची हलण्याची एक ठराविक तऱ्हा) भाग घेणारं वस्तुमान ५,५०० टन. पाया पक्का धरला तर जॅकेटचा आडवा स्टिफनेस १२० मेगान्यूटन प्रति मीटर, पाइलसकट धरला तर ६०. हे आकडे शिकण्यासाठीचे आहेत, कुठल्याही खऱ्या प्लॅटफॉर्मचे नाहीत.

आवर्तकाल = ६.२८ × √(वस्तुमान ÷ स्टिफनेस). पक्का पाया: १.३५ सेकंद. पाइलसकट: १.९० सेकंद.

नकाशावरून १.० सेकंदाचं त्वरण ०.२० जी आणि मातीचा गुणक १.२ धरू. चार सेकंदांपर्यंतच्या त्या पट्ट्यात स्पेक्ट्रम आवर्तकालाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. म्हणून पाइलसकट: १.२ × ०.२० ÷ १.९० = ०.१२६ जी. एल-१ साठी एएलईचा गुणक १.६, म्हणजे ०.२०२ जी. राखीव क्षमतेचा गुणक २.० धरून भागलं की ईएलई ०.१०१ जी. बेस शिअर (तळावरचं एकूण आडवं बल) ५,५०० × ९.८१ × ०.१०१, म्हणजे सुमारे ५.४ मेगान्यूटन. विस्थापन ५.४ ÷ ६०, म्हणजे ९ सेंटिमीटर. एएलईला इलॅस्टिक (काहीही कायमचं वाकत नाही असं धरलेल्या) हिशोबाने त्याच्या दुप्पट, १८.

पक्क्या पायाने हेच केलं तर ईएलई ०.१४२ जी, बल ७.७ मेगान्यूटन आणि विस्थापन साडेसहा सेंटिमीटर येतं. पाया पक्का धरणं सुरक्षित बाजूला आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी दुसरा आकडा पाहावा. बल जास्त आलं खरं, पण विस्थापन कमी आलं, आणि रायझर (समुद्रतळावरून वर येणारी पाइपलाइन), पाइपिंग, पूल हे सगळं विस्थापनावर चालतं.

सॉफ्टवेअरचं उत्तर या हिशोबाच्या १५-२० टक्क्यांच्या आत यायला हवं. दुप्पट-तिप्पट फरक असेल तर आधी एककं तपासा. टन, किलोन्यूटन आणि जी यांचा घोळ हे नेहमीचं कारण.

हा हिशोब हातात बसवायचा असेल तर गावाकडची पाण्याची उंच टाकी घ्या. खांबांवर उभं जड डोकं, म्हणजे जवळपास प्लॅटफॉर्मचंच लहान रूप. एक लाख लिटरची टाकी, पाणी १०० टन, भांडं आणि खांबांचा वाटा मिळून ८० टन, स्टिफनेस १२ मेगान्यूटन प्रति मीटर असं धरा. भरलेली असताना आवर्तकाल ०.७७ सेकंद, रिकामी असताना ०.५१. पाणी आत हिंदकळतं त्याचा वेगळा हिशोब आयएस १८९३ च्या भाग २ मध्ये दिला आहे, तोही करा. पदविकेच्या मुलांकडून हे करून घेतलं तर वस्तुमान बदललं की आवर्तकाल कसा सरकतो हे एका दुपारी समजतं.

पायरी ६ : स्पेक्ट्रम विश्लेषण

आता सॅक्स किंवा सेसॅम, जे सॉफ्टवेअर ऑफिसात असेल ते. घरी सराव करायचा तर ओपनसीज मोफत मिळतं. मॉडेल चालवल्यावर आधी मोड शेप डोळ्यांनी पाहा. पहिले दोन मोड आडव्या दिशांचे, तिसरा पिळाचा, असं साधारण दिसायला हवं. एखादा मेंबर एकटाच थरथरताना दिसला तर त्याचं टोक जोडलेलं नाही.

एपीआय प्रत्येक मुख्य दिशेला किमान दोन महत्त्वाचे मोड आणि पिळाचे मोड मागते. मी ९० टक्के वस्तुमान सहभाग होईपर्यंत मोड वाढवतो. उभ्या दिशेला तो आकडा गाठायला बरेच मोड लागतात. तिथे कंटाळा करू नका. मोडची बेरीज सीक्यूसी पद्धतीने (जी मोडमधला परस्परसंबंध धरते), कारण चौकोनी जॅकेटचे दोन आडवे मोड एकमेकांना चिकटून असतात आणि साधी वर्गांची बेरीज तिथे फसवते. दिशांची बेरीज मात्र वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने: दोन्ही आडव्या दिशा पूर्ण, उभी अर्धी.

यात बलाचं चिन्ह हरवतं. सगळे आकडे धन येतात. म्हणून गुरुत्वाच्या भाराबरोबर भूकंप एकदा अधिक आणि एकदा वजा, असं दोन्ही करून घ्यायचं. पाइलला ओढ येते का, हे वजा केसमध्येच दिसतं, आणि कमी घर्षणाच्या मातीत तीच केस धोक्याची असते.

पायरी ७ : मोडायच्या आधी किती वाकेल

दुर्मिळ भूकंपात प्लॅटफॉर्म इलॅस्टिक राहील अशी अपेक्षा नसते. अपेक्षा एवढीच की एक ब्रेस (तिरपी आधाराची नळी) बकल झाला, म्हणजे दाबाने वाकून निकामी झाला, तर बल दुसरीकडे वळावं. याची बीजं मांडणीतच पेरावी लागतात. एक्स ब्रेसिंग ठेवा; के ब्रेसिंगमध्ये दाबाचा ब्रेस गेला की त्या चौकटीची ताकद एकदम कोसळते. मुख्य तिरप्या ब्रेसचं लांबी-जिरेशन त्रिज्या गुणोत्तर ८० च्या आत ठेवा. व्यास-जाडी गुणोत्तर १३,१०० भागिले यील्ड स्ट्रेस मेगापास्कलमध्ये, म्हणजे ३५५ च्या पोलादाला ३७ च्या आत. जॉइंट कॅन (सांध्यापाशी जाड केलेला नळीचा तुकडा) एवढा जाड हवा की आधी ब्रेस जावा, जॉइंट नाही. हे नियम वाचायला रुक्ष वाटतात, पण मोडणारी जागा आपण निवडायची, भूकंपाने नव्हे, एवढाच त्यांचा अर्थ आहे.

मग पुशओव्हर: बल हळूहळू वाढवत नेऊन कुठला मेंबर आधी जातो ते बघायचं. त्याच्या पुढे टाइम हिस्टरी: भूकंपाची नोंद मॉडेलला देऊन क्षणाक्षणाचा हिशोब. आयएसओ किमान चार नोंदींचे संच मागते. सात घेतले तर एखाद्या विचित्र नोंदीमुळे निकाल हलत नाही. नोंदींसाठी पीअर संस्थेचा एनजीए-वेस्ट२ हा संग्रह उपयोगी. नोंद निवडताना अंतर, तीव्रता आणि माती तिन्ही जुळवा. तसंच, जमिनीची गती पाइलच्या सगळ्या खोलीवर सारखी नसते; प्रत्येक थराची गती वेगळी काढून त्या त्या स्प्रिंगच्या बाहेरच्या टोकाला द्यायची असते.

जिथे धोका फारच मोठा, तिथे वेगळा मार्गही घेतला गेला आहे. रशियाच्या सखालिन-२ प्रकल्पात लुन्स्कोये-ए आणि पिल्तुन-अस्तोखस्कोये-बी या प्लॅटफॉर्मवर काँक्रीटचे पाय आणि टॉपसाइड (वरचा डेक आणि त्यावरचं सगळं) यांच्यामध्ये घर्षण-लोलक बेअरिंग बसवली आहेत, म्हणजे खालची हालचाल वर पूर्ण पोचतच नाही.

पायरी ८ : डेकवरचं सामान, पाइप आणि पूल

माझा सगळ्यात जास्त आग्रह या पायरीसाठी आहे, कारण कमी खर्चात सगळ्यात जास्त जीव इथे वाचतात. जॅकेट उभं राहिलं आणि फायर वॉटर पंपाचा पाइप तुटला तर उभ्या जॅकेटवर आग लागते आणि विझवायला पाणी नसतं.

डेकची गती समुद्रतळापेक्षा वेगळी असते: प्लॅटफॉर्म स्वतःच्या आवर्तकालाची गती वाढवून वर पाठवतो. म्हणून प्रत्येक डेकचा फ्लोअर स्पेक्ट्रम (त्या डेकच्या हालचालीवरून काढलेला स्पेक्ट्रम) काढून उपकरणांच्या डिझायनरला द्या. बुटकी, कडक उपकरणं डेकच्याच त्वरणाने हलतात. उंच व्हेसल, फ्लेअर बूम, क्रेन, ड्रिलिंग डेरिक यांचे आवर्तकाल प्लॅटफॉर्मच्या जवळ आले तर त्यांना मुख्य मॉडेलमध्येच घाला. फ्लेअर बूम आणि हेलिडेकसारख्या लटकत्या भागांना उभी दिशा गव्हर्न करू शकते.

मग हातात यादी घेऊन ड्रॉइंग तपासा. बॅटरीचे रॅक, कंट्रोल पॅनेल, ट्रान्सफॉर्मर, गॅस सिलिंडर, राहण्याच्या खोल्यांतली कपाटं: प्रत्येकाला बोल्ट किंवा वेल्ड आहे का? नुसतं वजनावर ठेवलेलं काही आहे का? कंपन-रोधक पॅडवरच्या जनरेटरला बाजूचे स्टॉपर आहेत का? उपकरणाच्या नोझलपाशी पाइपला हलायला जागा आहे का?

पुलाचा हिशोब वेगळा करा. मुंबई हायमध्ये प्रोसेस, विहिरी आणि निवास असे प्लॅटफॉर्म पुलांनी जोडलेले आहेत. पुलाचं एक टोक पक्कं, दुसरं सरकतं. दोन्ही प्लॅटफॉर्म वरच्या उदाहरणातल्यासारखे प्रत्येकी १८ सेंटिमीटर हलले तर वर्गमुळाने २५ आणि साध्या बेरजेने ३६ सेंटिमीटर अंतर पडतं. मी साधी बेरीज धरतो. बेअरिंगची लांबी थोडी वाढवायला फारसं पोलाद लागत नाही. पूल पडला तर माणसांची सुटकेची वाटच जाते. पुलावरून जाणाऱ्या पाइपांच्या एक्सपान्शन लूपनाही हेच विस्थापन द्या.

उभ्या प्लॅटफॉर्मवर धक्का बसला तर

जुन्या प्लॅटफॉर्मच्या देखभालीत काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात. धक्क्याच्या किती पातळीला उत्पादन बंद करायचं हे आधी लिहिलेलं असलं पाहिजे, आणि डेकवर त्वरणमापक असेल तरच ते ठरवता येतं. धक्क्यानंतर आधी गॅस गळती आणि फायर वॉटर, मग पुलांची बेअरिंग, रायझर क्लँप, उपकरणांचे बोल्ट. डेकची पातळी सर्व्हे करून जुन्या नोंदीशी ताडा. एका कोपऱ्याचा पाइल खचला असेल तर ते तिथे दिसतं. पाण्याखाली डायव्हर किंवा आरओव्ही (दुरून चालवलं जाणारं पाण्याखालचं यंत्र) पाठवायचा तर पुशओव्हरमध्ये सगळ्यात आधी गेलेल्या मेंबरची यादी त्याच्या हातात द्या. सगळा जॅकेट खरवडत बसायला वेळ नसतो.

चेकरकडे देण्याआधी

रिपोर्टमध्ये निकालाच्या तक्त्यांआधी दोन पानं जोडा. पहिल्यावर वस्तुमानाची फोड: पोलाद, आतलं पाणी, सोबतचं पाणी, शेवाळ-शिंपले, डेक, कंडक्टर, प्रत्येक दिशेला वेगळी. दुसऱ्यावर हाताने केलेला हिशोब, पक्क्या पायाचा आणि पाइलसकट, शेजारी सॉफ्टवेअरचे आकडे. स्पेक्ट्रम कुठल्या खोलीचा आणि किती डॅम्पिंगचा, हे आलेखाच्या खालीच लिहा. वजनाचा रिपोर्ट कुठल्या तारखेचा वापरला तेही नोंदवा, कारण पुढच्या महिन्यात डेकवर दोनशे टन वाढले की हाच हिशोब पुन्हा करायचा आहे, आणि तेव्हा तो कदाचित तुमच्याऐवजी नव्याने लागलेला कोणीतरी करत असेल.